ब्याण्णव चाचण्या आणि आम्ही दोघं

सुजयने मला पाठवलेलं पहिलं प्रेमपत्र म्हणजे एक पीडीएफ होती. आठ पानं, ब्याण्णव चाचण्या आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे हिरवा ठिपका. फक्त व्हिटॅमिन डी लाल. खाली त्याने लिहिलं होतं, "आता तुझा पाठव."

मी काय मागे राहणार? डिसेंबरात साताऱ्याला गेले होते तेव्हा आईच्या आग्रहाखातर 'फुल बॉडी चेकअप' केलं होतं. परदेशातून सुट्टीवर घरी गेलेल्या आपल्यापैकी कोण ते करत नाही? सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट, आणि वर्षभर आपण धडधाकट असल्याचा आनंद. तो रिपोर्ट मी हॅम्बर्गमधल्या बार्मबेक स्टेशनच्या जिन्यावरूनच त्याला पाठवून दिला. माझंही व्हिटॅमिन डी लाल होतं. त्यावर आम्ही फोनवर इतके हसलो की समोरून येणारे आजोबा थांबून बघायला लागले. पत्रिका जुळल्याच्या थाटात आम्ही ठरवलं की झालं, आपण दोघं क्लीन आहोत. मी गर्भनिरोधक गोळी घेतच होते. त्या शनिवारपासून कंडोमची सुट्टी.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी हॅम्बर्गच्या एका हॉस्पिटलात पोटाला हात लावू देत नव्हते.

मला काय झालं होतं ते सरळ सांगते. क्लॅमिडिया. शारीरिक संबंधातून पसरणारा जंतुसंसर्ग. माझ्यात तो गुपचूप बसला, वर गर्भाशयाकडे सरकला आणि तिथे सूज आणली. क्लॅमिडिया हा शब्द मी या पानावर दोनदा लिहून खोडला, तिसऱ्यांदा राहू दिला. मी आता ठणठणीत बरी आहे, आणि बरं झाल्याचा आनंद माझ्या पोटात मावत नाहीये. आजारपणावर लिहिणारी माणसं आवाज खाली आणतात. मला ते जमणार नाही. मला छतावर चढून सांगावंसं वाटतंय, आणि तुमच्यापैकी एखादीला किंवा एखाद्याला हे वाचून वेळेत तपासणी करावीशी वाटली तर मी अजूनच वर चढेन.

आम्ही कोण

मी केतकी, वय चौतीस. विमानांच्या देखभालीचं सॉफ्टवेअर लिहिते. माझं एक लग्न मोडलं. भांडणतंटा फारसा नव्हता, आमचं जमलंच नाही. कोर्टाचा कागद हातात आल्यावर दीड वर्ष मी एकटीने फार मजेत काढलं.

सुजय नाशिकचा. बर्लिनला पीएचडी करतो, बॅटरीत काय घातलं की ती जास्त टिकेल यावर. तो मला भेटला हॅम्बर्ग ते बर्लिनच्या गाडीत. गाडी तासभर एका शेतात उभी होती आणि हा माणूस फोनवर आपल्या आईला मराठीत सांगत होता की जर्मनीत गाड्या अगदी घड्याळाच्या काट्यावर चालतात. मी हसले आणि पकडली गेले.

सुजयचंही आधी एक नातं होतं, बर्लिनमधल्या एका मैत्रिणीशी. ते आम्ही भेटायच्या काही महिने आधी संपलं होतं. पण बघा, त्याचं नातं कुठल्या कागदावर नाही आणि माझं आहे. त्याच्या आईवडिलांना माझा घटस्फोट माहीत होता आणि तो त्यांना पचवायला जड जात होता. त्याची मैत्रीण त्यांना माहीतच नव्हती. हा फरक लक्षात ठेवा, कारण पोटाच्या कळांपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवार

मे महिन्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. सामानात कंदी पेढे, सांडगे, कुळथाचं पीठ आणि एक गुप्त हेतू: सुजयला बघायचं. रविवारी तो जेवायला येणार होता. आईने भरली वांगी आणि मसालेभात ठरवला होता. मी इतकी हवेत होते की ऑफिसात दोन दिवस चुकीच्या मीटिंगमध्ये जाऊन बसले.

मधल्या काळात शरीर मला काही सांगत होतं. पाळी नसताना थोडं रक्त, संबंधानंतर ओटीपोटात दुखणं. मी त्याला ताण म्हटलं, मग गोळीचा परिणाम म्हटलं, शेवटी आईच्या चकल्यांवर ढकललं. कामाच्या ठिकाणी एक बारीकशी त्रुटी दिसली तरी मी चार जणांना मेल करते. स्वतःच्या बाबतीत दोन महिने गप्प बसले.

त्या शुक्रवारी दुपारी ऑफिसात उभी राहिले आणि तशीच खाली बसले. ताप भरला होता. माझी टीममधली सहकारी मला टॅक्सीत घालून हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, म्हणजे तातडीच्या विभागात, घेऊन गेली. तिथे आधी अपेंडिक्स म्हणाले, मग सोनोग्राफी झाली, मग स्त्रीरोग विभागातल्या डॉक्टरबाई आल्या. चट्टेरीपट्टेरी मोजे घातलेल्या, माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी तपासताना प्रत्येक वेळी काय करणार ते आधी सांगितलं आणि मग केलं. स्वॅब घेतला. मग विचारलं, जोडीदार आहे का, कंडोम वापरता का.

मी ताठ मानेने सांगितलं की आम्ही दोघांनी सगळ्या तपासण्या केल्या आहेत. त्यांनी विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, सगळ्या. त्या गोड हसल्या आणि काहीतरी टाइप केलं.

शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. आई संध्याकाळी यूबानने, म्हणजे मेट्रोने, एकटी आली, आयुष्यात पहिल्यांदा. हातात डबा. मी तिला सांगितलं की पोटात इन्फेक्शन आहे. खोटं नव्हतंच ते.

वॉर्डातले दिवस

जर्मन हॉस्पिटलातलं संध्याकाळचं जेवण पाचला येतं. ब्रेडचे दोन तुकडे, चीज, एक खारवलेली काकडी आणि कॅमोमाइलचा चहा. पहिल्या दिवशी आईने झाकण उघडलं आणि तिला वाटलं हे जेवणाआधीचं काहीतरी आहे. ती अर्धा तास मुख्य जेवणाची वाट बघत बसली.

सकाळी सहाला ताप, रक्तदाब. मग सलाइन. मग खिडकीबाहेर बघणं. शेजारच्या पलंगावर फ्राउ लोरेन्झ नावाच्या बाई होत्या, सत्तरीच्या, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या. आई आणि त्या एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत आणि दोघींना सगळं कळल्यासारखं वाटे. रविवारची भरली वांगी शेवटी फ्राउ लोरेन्झनी खाल्ली. सुजय येणार होता, पण मीच येऊ नको म्हटलं. त्याने होणाऱ्या सासूला पहिल्यांदा भेटायचं आणि मी हॉस्पिटलच्या झग्यात, केसांचा चोथा झालेला. त्या वेळी माझी काळजी ही होती.

आईला कळलेला शब्द

सोमवारी सकाळी डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. फ्राउ लोरेन्झना तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आईंना बाहेर थांबायला सांगू का? मी म्हटलं, राहू दे, तिला जर्मन कळत नाही.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या की स्वॅबमध्ये क्लॅमिडिएन सापडले आहेत. औषध बरोबर चालू आहे, पूर्ण बरी होशील. जोडीदाराला लगेच सांगायला हवं, त्यालाही औषध लागेल. आणि दोघांचं औषध संपेपर्यंत संबंध नाहीत. मी विचारलं, मला मूल होईल का? त्या म्हणाल्या, बहुतेक होईल, पण गर्भाशयाच्या नळ्यांवर व्रण राहिला असेल तर अडचण येऊ शकते, आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली.

त्या गेल्या. आई खिडकीजवळ उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

"क्लॅमिडिया म्हणाली ना ती?"

मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली मी, केतकी. जंतूंची नावं सगळीकडे सारखीच असतात."

माझी आई सरकारी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपल्या आईने आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहिलं असेल याचा विचार कोणती मुलगी करते? घरी ती फक्त हिमोग्लोबिनबद्दल बोलायची.

ती बाहेर गेली. वीस मिनिटं मी छताकडे बघत पडले. मला वाटलं, ती आता साताऱ्याचं विमान पकडणार. ती परत आली ती चेहरा धुऊन. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्याला आत्ता फोन कर. रडायचं ते नंतर."

कोणाकडून

सुजयचं पहिलं वाक्य मी आता त्याच्या परवानगीने लिहिते आहे. तो म्हणाला, "माझ्याकडून शक्यच नाही. मला काही होत नाहीये, आणि माझा रिपोर्ट क्लीन आहे, तू बघितलायस."

मी फोन ठेवला. कारण मलाही नेमकं तेच म्हणायचं होतं आणि त्याने आधी म्हणून टाकलं.

मग मी बोटांवर महिने मोजले. खोटं कशाला सांगू. माझं लग्न कधी संपलं, त्याची मैत्रीण कधी सोडून गेली, कोण किती महिने एकटं होतं. बोटं मोजून मी जिंकत होते. पण त्या जिंकण्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही, कारण मला पुढचं दिसत होतं. उद्या मूल झालं नाही तर त्याच्या घरी बोटं कोणी मोजणार नाही. तिथे सगळे म्हणतील, घटस्फोटित मुलगी, काय घेऊन आली कोण जाणे. आणि सुजय गप्प बसला, फक्त गप्प बसला, तरी ते खरं ठरून जाईल. मला या आजाराची भीती नव्हतीच. मला त्या गप्प बसण्याची भीती होती.

दुपारी आईने तो रिपोर्ट मागितला. मी तिला पीडीएफची सगळी गोष्ट सांगितली. तिने चष्मा लावून आठही पानं वाचली, एकेक ओळ, बोट फिरवत. साखर, थायरॉइड, युरिक अॅसिड, लिव्हर, कोलेस्टेरॉलचे पाच प्रकार.

"यात क्लॅमिडिया नाही. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही, कावीळ बी नाही," ती म्हणाली. "जी तपासणी केलीच नाही, ती निगेटिव्ह कशी येईल गं?"

दोन इंजिनिअर, त्यातला एक डॉक्टरेटच्या वाटेवर, आणि आम्हाला एवढं कळलं नव्हतं. ब्याण्णव हा आकडा बघूनच आम्ही भारावलो. पॅकेजात काय आहे ते वाचलं, काय नाही ते वाचलंच नाही. क्लॅमिडिया तर त्या रक्ताच्या नळीत सापडतही नाही. त्याला लघवी किंवा स्वॅब लागतो, आणि आमच्यापैकी कोणी तो कधी दिला नव्हता. आणि गोळी मूल थांबवते, जंतू थांबवत नाही, हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, फक्त ते दुसऱ्यांसाठी आहे असं वाटायचं.

आईने फोन परत दिला. बराच वेळ ती डब्याचं झाकण उघडझाप करत बसली. मग बोलायला लागली. गरोदर बायकांच्या सिफिलिसच्या तपासण्या ती रोज करायची. एखादीची पॉझिटिव्ह आली की नवऱ्याला घेऊन ये असं चिठ्ठीवर लिहून द्यायची. नवरे येत नसत. बायको रिपोर्ट घेऊन जायची आणि दोषही तिच्याच पदरात पडायचा.

"हे सगळं मला माहीत होतं," आई म्हणाली, "आणि तुला मी नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिले. डिसेंबरात तुझा रिपोर्ट मीच आधी वाचला. माझ्या मुलीला ही तपासणी लागेल असं माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं."

मी तिचा हात धरला. माझा तो सलाइनचा हात होता, त्यामुळे मशिन ओरडायला लागलं आणि सिस्टर धावत आली.

गोळ्या

मंगळवारी सुजयचा मेसेज आला. तो डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी तपासणी घेतली आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं, कारण माझा रिपोर्ट पुरेसा होता. पुरुषांना बऱ्याचदा काहीच होत नाही, हेही त्याला तिथे कळलं. शेवटी लिहिलं होतं, "काल मी मूर्खासारखा बोललो. उद्या येतो. आईंना सांग."

बुधवारी दुपारी तो वॉर्डाच्या दारात उभा होता. हातात फुलं, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराचे भाव. त्याचा स्वतःचा निकाल अजून आला नव्हता. निकाल यायच्या आधीच माणूस आला होता. आईने हे लगेच हेरलं, मला नंतर उमगलं.

त्याने वाकून नमस्कार केला. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर तो जवळजवळ घसरला. आई आता काय म्हणेल? कुठले तुम्ही, घरी कोण कोण असतं, पगार?

आई म्हणाली, "गोळ्या सुरू केल्यात का?"

"हो काकू. कालपासून."

"दुधाबरोबर घेऊ नका. गोळीचा उपयोग होत नाही. आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, घशात जळजळ होते."

सुजय म्हणाला, "गेनाऊ," आणि मग जीभ चावून, "म्हणजे, बरोबर काकू."

असा भावी जावई आणि सासूचा पहिला संवाद झाला. मी उशीत तोंड खुपसून हसत होते आणि हसल्याने पोट दुखत होतं, आणि मला ते दुखणंसुद्धा आवडत होतं. फ्राउ लोरेन्झनी विचारलं की काय चाललंय. मी तीन दिवस जे लपवत होते ते सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी लोणी लावता लावता मान हलवली आणि म्हणाल्या की तरुणपणी त्यांनाही हे झालं होतं, पहिल्या नवऱ्याच्या वेळी, आणि नंतर दुसऱ्यापासून तीन मुलं झाली. आईने विचारलं, काय म्हणाल्या? मी भाषांतर केलं. आईने उठून त्यांना पेढा दिला.

गुरुवारी सुजयचा निकाल आला. पॉझिटिव्ह. तो माझ्या पलंगाशेजारीच होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. मग तो बाहेर पॅसेजमध्ये गेला आणि त्याने बर्लिनच्या त्या मैत्रिणीला फोन केला. काचेतून मला दिसत होता, भिंतीला कपाळ टेकवून बोलत होता. परत आला तेव्हा म्हणाला, ती धन्यवाद म्हणाली, तपासून घेणार आहे. माझं लग्न मोडून बराच काळ लोटला होता, तरी मी माझ्या आधीच्या नवऱ्याला दोन ओळी लिहिल्या. त्याने अंगठा पाठवला. त्याच्याकडून मला त्याहून जास्त कधी मिळालं नव्हतं, पण या वेळी तेवढं पुरलं.

शुक्रवारी मला घरी सोडलं. बंदरावरच्या फेरीबोटीतून आम्ही तिघं उगाचच दोन फेऱ्या मारून आलो. आई वाऱ्यात पदर धरून उभी होती, सुजय तिला क्रेनची माहिती देत होता, जी त्याला अजिबात नव्हती.

आता आम्ही काय करतो

तीन महिन्यांनी आम्ही दोघं हॅम्बर्गच्या आरोग्य खात्याच्या समुपदेशन केंद्रात गेलो. तिथे नावसुद्धा विचारत नाहीत, फक्त एक क्रमांक देतात. एका मध्यमवयीन बाईंनी आमच्याशी तासभर गप्पा मारल्या, अगदी भाजीबद्दल बोलावं तशा. आम्हाला काय आवडतं, कसं करतो, कशाला घाबरतो. सुजयचे कान लाल झाले होते. मी मात्र भलतीच रंगात आले होते. मला वाटत होतं, हे सगळं मला कुणी विशीत का नाही सांगितलं?

त्यांनी सांगितलं की प्रत्येक तपासणीला तिची तिची वेळ असते. संबंधानंतर दोन दिवसांत केलेली एचआयव्हीची तपासणी खरं सांगेलच असं नाही, थांबावं लागतं. नवीन जोडीदार आला की दोघांनी जायचं, आणि आज माझी नेमकी काय तपासणी होतेय हे तोंडाने विचारायचं. आणि कुणाकडून आलं हा प्रश्न त्यांनी खोडून काढला. म्हणाल्या, ते बऱ्याचदा कळत नाही, आणि कळलं तरी औषध तेच असतं.

निकाल आठवड्याने आले. एकत्र ऐकायचे की वेगवेगळे, असं विचारलं. आम्ही एकत्र म्हटलं. क्लॅमिडिया नाही, सिफिलिस नाही, एचआयव्ही नाही. दोघांनाही. मी त्या बाईंना मिठी मारली. त्या जर्मन असूनही त्यांनी ती मारू दिली.

गोळीने माझं डोकं दुखायचं, म्हणून ती मी बंद केली. सध्या कंडोम. मूल हवं असं ठरवू तेव्हा तो बाजूला ठेवू, विचार करून, दोघांनी बोलून. कंडोम म्हणजे एकमेकांवर अविश्वास असं मला वाटायचं, आणि म्हणून तो पहिल्या संधीला फेकून दिला होता. आता तो पलंगाशेजारच्या खणात चष्म्याजवळ असतो. पूर्वी मी दुकानात तो टिश्यूच्या गठ्ठ्याखाली लपवून काउंटरवर न्यायचे. परवा सुजयने दुकानातल्या बाईला भर दुपारी मापाबद्दल विचारलं. चुकीच्या मापाचा फाटतो किंवा निसटतो, हे आम्हाला त्या केंद्रात कळलं होतं. त्या बाईने मागून मोजपट्टी आणून दिली. मी शाम्पूच्या रांगेत लपले, पण बाहेर आल्यावर त्याचा मला इतका अभिमान वाटला की रस्त्यातच त्याची पापी घेतली.

तुम्हाला पाळी नसताना रक्त जात असेल, संबंधानंतर दुखत असेल, किंवा काहीच होत नसेल आणि नातं नवीन असेल, तर जा. लाज वाटली तर लाजेसकट जा. मी दोन महिने आधी गेले असते तर एक आठवडा गोळ्या घेऊन मोकळी झाले असते.

रविवार

आई साताऱ्याला परतली, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. सुजयच्या आईवडिलांनी लग्नाला होकार दिला होता, आणि मुहूर्त ठरवायला व्हिडिओ कॉल लावला होता. मी नेसायला साडी काढली, मग कुर्ता घातला, मग परत साडी.

काकू, म्हणजे सुजयची आई, प्रेमाने बोलत होत्या. हॉल, केटरर, थंडीतली तारीख. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सुजयला म्हणाल्या, "मुलाबाळांचं फार लांबवू नका हं. केतकीचं वयही आहे ना आता."

मी हसले. माझं हसू माझ्याच चेहऱ्यावर नकली वाटत होतं. सुजयला मी यातलं काही सांगायला सांगितलं नव्हतं. आम्ही त्यावर बोललोही नव्हतो. मला ते मागून घ्यायचं नव्हतं.

सुजयने लॅपटॉप जरा जवळ ओढला.

"आई, बाबा, एक सांगायचंय. मे महिन्यात आम्हा दोघांना इन्फेक्शन झालं होतं. शरीरसंबंधातून होतं ते. मला काही त्रास झाला नाही, केतकी आठवडाभर हॉस्पिटलात होती. आता दोघं बरे आहोत. पुढे मूल व्हायला अडचण आली तर ती यामुळे असू शकेल. आणि ती दोघांची असेल."

काका स्क्रीनच्या बाहेर गेले. त्यांची खुर्ची तेवढी दिसत राहिली. काकूंनी पदर सारखा केला. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "कोणाकडून आलं?"

सुजय म्हणाला, "आमच्याकडून."

मागे कुकरची शिट्टी झाली, काकू उठल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सुजयला सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आजवर मला नुसतं केतकी म्हणणाऱ्या, कधी 'गं' न म्हटलेल्या त्या बाई म्हणाल्या, "आता दुखत नाही ना गं तुला?"

मी म्हटलं, नाही आई.